दोन तारांची गाडी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)





चिटणीस साहेबांनी निमंत्रण देताना मला एवढेच सांगितले की, मुलांना जुन्या मुंबईच्या चार गोष्टी सांगा. जुन्या मुंबईवर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा व्हिक्टोरिया, ट्राम आणि इराण्याचा चहा यांवर येऊन थांबतो. मी आज अशा एका वाहनाविषयी बोलणार आहे की, ज्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. ते वाहन म्हणजे ट्रॉलीबस. मुंबईच्या रस्त्यांवर ती पुरती नऊ वर्षेही धावली नाही. ११ जून १९६२ रोजी ती सुरू झाली आणि मार्च १९७१ मध्ये बंद पडली. माझे बालपण नेमके त्याच वर्षांत गेले.

हा विषय मी केवळ गंमत म्हणून निवडलेला नाही. आमच्या घरातली पहिली मुलगी हायस्कुलात गेली ती या गाडीत बसून. ती कशी गेली, तिला कोणी आणि का जाऊ दिले, हे सांगितले म्हणजे आजच्या या समारंभाशी विषयाचा संबंध काय, हे आपोआप ध्यानात येईल.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती ९ मे १८७४ रोजी. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत ती धावू लागली. आणि मित्रहो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे की, त्याच १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम महंमद अशा मंडळींनी मुसलमान मुलांच्या आधुनिक शिक्षणासाठी ती संस्था काढली. तिची पहिली शाळा १८८० साली बाबुला टँकला भरली. पुढे १८९३ साली बोरीबंदरासमोर तिची भव्य इमारत उभी राहिली. ट्रामचा आणि अंजुमनचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दोघांचे जन्मवर्ष एक आहे. शहरात स्वस्तात जाण्यायेण्याची सोय आणि शहरातल्या शाळा या गोष्टी एकाच काळात आमच्या मोहल्ल्यांच्या दाराशी आल्या, ही माझ्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

७ मे १९०७ रोजी ट्राम विजेवर चालू लागली आणि घोडे सुटले. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ट्राम, बस आणि वीजपुरवठा हा सारा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला. ट्रॉलीबस आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. गवालिया टँक ते माझगाव डॉक हा तिचा मार्ग. हिंदुस्थानात त्याआधी ही गाडी दिल्लीत होती. तिथे ती १९३५ साली सुरू झाली आणि १९६२ साली, म्हणजे आपल्याकडे सुरू झाली त्याच वर्षी, बंद पडली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. तेव्हा १९६२ ते १९६४ या दोन वर्षांत मुंबईकराला रुळावरची ट्राम, तेलावरची बस आणि तारेवरची ट्रॉलीबस अशी तिन्ही वाहने पाहायला मिळाली.

आता ही गाडी कशी होती ते सांगतो. दिसायला ती बसच. रबरी टायरची चार चाके, आत बाकडी, दांड्याला धरून उभे राहायची जागा. पण टपावरून दोन लांब दांडे मागच्या बाजूला तिरपे वर गेलेले आणि रस्त्यावर ताणलेल्या दोन तारांना टेकलेले. आम्ही पोरे तिला ‘शिंगांची बस’ म्हणत असू. आमच्या दादी तिला ‘तारेची गाडी’ म्हणत.

तिचा आवाज होत नसे. म्हणजे अगदीच होत नसे असे नाही. सुटताना मोटारीचा बारीक गुणगुणता सूर निघे आणि वेग वाढेल तसा तो चढत जाई. दोन तारांचे रस्ते जिथे मिळत तिथे वर खटखट असा आवाज होई. पण तेलाच्या इंजिनाची घरघर नाही, गिअर बदलतानाचा हिसका नाही, धूर नाही. गर्दीत उभा असलेला म्हातारा माणूससुद्धा गाडी सुटताना मागे कोसळत नसे. संध्याकाळी अंधार पडल्यावर दांड्याच्या टोकाशी कधी कधी निळी ठिणगी उडे. ती बघायला मिळावी म्हणून आम्ही गाडी सुटल्यावर फूटपाथवर तशीच मान वर करून उभे राहत असू.

दांडा तारेवरून निसटला की मात्र ही गाडी जागच्या जागी थांबे. असे कुठल्याही गावच्या ट्रॉलीबसचे होतेच, कारण दांडे फक्त स्प्रिंगच्या जोरावर तारेला दाबून धरलेले असतात. मग कंडक्टर खाली उतरे, मागे जाऊन दोरी ओढी आणि डोळे वर लावून नेमका दांडा नेमक्या तारेवर बसवी. सगळे प्रवासी खिडक्यांतून माना काढून त्याला सल्ले देत. दांडा बसला की आतले दिवे लागत आणि गाडीभर ‘हां, चला’ असा आवाज उठे. असले काम करणारा माणूस त्या वयात मला मोठा शास्त्रज्ञ वाटे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी आता शास्त्राचा एक धडा सांगतो. हा धडा मी शाळेत शिकण्याच्या आधी या गाडीमुळे शिकलो. ट्रामला डोक्यावर एकच तार असे. मग ट्रॉलीबसला दोन का? माझे वडील माझगावला गोदीत वायरमन होते. त्यांना मी हा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. विजेरीतला सेल काढला, छोटा बल्ब काढला, तारेचा एक तुकडा घेतला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “लाव दिवा.” मी तारेचे एक टोक सेलला आणि दुसरे टोक बल्बाला लावले. दिवा लागेना. मग त्यांनी दुसरा तुकडा दिला आणि तो बल्बाकडून परत सेलाच्या दुसऱ्या टोकाकडे न्यायला लावला. दिवा लागला. अब्बा म्हणाले, “वीज नुसती जाऊन चालत नाही. तिला परत यायला वाट लागते.”

ट्रामच्या बाबतीत ही परतीची वाट म्हणजे खालचे लोखंडी रूळ. वीज वरच्या तारेतून मोटारीत येई आणि चाकांतून रुळांवाटे परत जाई. ट्रॉलीबसला रूळ नाहीत आणि रबरी टायरमधून वीज जात नाही. म्हणून परतीसाठी वर दुसरी तार. अशा गाड्यांना साधारणपणे साडेपाचशे ते सहाशे व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. एका तारेवर बसलेला कावळा मरत नाही, त्याचेही कारण हेच. त्याच्या अंगातून परतीची वाट तयार होत नाही. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत व्हेर्नर फॉन सीमेन्स याने १८८२ साली बर्लिनजवळ तारेवर चालणारी पहिली गाडी चालवून दाखवली होती. तिच्यातही मूळ तत्त्व हेच. ‘जायला वाट आणि परतायला वाट’ हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग करणार आहे.

या गाडीची दोन टोकेही सांगण्यासारखी होती. एका टोकाला गवालिया टँक. तिथल्या मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्या वेळी मुंबईचे महापौर युसुफ मेहेरअली होते आणि ‘क्विट इंडिया’ हे शब्द त्यांनीच सुचवले असे मानले जाते. आज त्या मैदानाला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. दुसऱ्या टोकाला माझगाव डॉक. १९६० साली ही गोदी सरकारने ताब्यात घेतली. तिथे देशात बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पाण्यात उतरली आणि १९७२ साली नौदलात दाखल झाली. म्हणजे ज्या जागी ‘चले जाव’ म्हटले गेले तिथून ज्या जागी आपली जहाजे बांधली गेली तिथपर्यंत ही गाडी जात असे. लहानपणी आम्हाला हे कळत नव्हते. आमच्यापुरते एका टोकाला घर होते आणि दुसऱ्या टोकाला आपाची शाळा.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो.

आमचे कुटुंब कोकणातले. दादी रत्नागिरीहून बोटीने मुंबईला आल्या आणि माझगावच्या चाळीत राहिल्या. आपा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. १९६४ साली ती सातवी पास झाली. सातवीपर्यंतची शाळा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होती. दादींना गॅलरीतून शाळेचे फाटक दिसत असे. त्यामुळे तोवर कोणाचा काही प्रश्नच नव्हता. पण आठवी म्हणजे हायस्कूल, आणि आपाला ज्या मुलींच्या हायस्कुलात जागा मिळाली ते गवालिया टँकच्या बाजूला होते.

त्या काळी आमच्या चाळीत सातवीनंतर मुली घरी बसत. कोणी त्यांना मारून घरी बसवत नसे. कोणी शिक्षणाला शिव्याही देत नसे. उलट, “पोर हुशार आहे, शिकली असती तर बरे झाले असते” असे सगळे म्हणत. पण शाळा लांब, रस्ता अनोळखी, बरोबर कोण जाणार, मगरिबच्या आत परत येईल की नाही, असे प्रश्न निघत. त्या प्रश्नांची उत्तरे कोणाजवळ नसत आणि मग पोर घरी राही. निर्णय कोणी घेतच नसे, तो आपोआप होऊन जाई.

आमच्या घरीही तीच वेळ आली. अब्बा राजी होते. अम्मी गप्प होती. घरात शब्द चाले तो दादींचा. दादींचे म्हणणे शाळेबद्दल नव्हते, रस्त्याबद्दल होते. त्यांचा जन्मभर ट्रामवर विश्वास. ट्राम रुळावरून जाते, ती दुसऱ्या गल्लीत शिरत नाही, काल जिथे उतरलो तिथेच आज उतरतो. बसवर त्यांचा विश्वास नव्हता. “जिला रूळ नाही ती कुठेही जाईल,” असे त्या म्हणत. आणि नेमकी त्याच वर्षी मार्चअखेरीला मुंबईतली ट्राम बंद झाली होती. दादींच्या दृष्टीने मुंबईत भरवशाचे वाहनच उरले नव्हते.

तेव्हा अब्बांनी एक युक्ती केली. एका रविवारी त्यांनी दादींना ट्रॉलीबसमध्ये बसवून माझगावहून गवालिया टँकपर्यंत नेले आणि परत आणले. मीही बरोबर होतो. जाताना दादी सारा वेळ खिडकीतून बाहेर न बघता वर तारांकडे बघत होत्या. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर त्यांनी अब्बांना विचारले, “ही तार सोडून गाडी जाईल का?” अब्बा म्हणाले, “थोडी डावी-उजवीकडे सरकेल, पण तार सोडली की तिथल्या तिथे उभी राहील.” दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दाव्याला बांधलेली गाय रानात जात नाही. जाऊ दे पोरीला.”

हसू नका. त्या वाक्याने आमच्या घराचा इतिहास बदलला. अट एकच होती. बरोबर मी जायचे. माझी शाळा सकाळची होती. दुपारी जेवून मी आपाला आणायला गवालिया टँकला जायचो आणि दोघे मिळून परत यायचो. सकाळी अब्बा तिला थांब्यावर सोडत. नऊ-दहा वर्षांचे पोर पंधरा वर्षांच्या बहिणीचे रक्षण काय करणार? खरे म्हणजे रस्ता ओलांडताना माझाच हात तिने धरलेला असे. पण जगरहाटी अशीच होती, आणि मला त्यामुळे रोज ट्रॉलीबसमध्ये बसायला मिळत होते. मी तक्रार कशाला करू?

महिन्याभरात कंडक्टर आम्हाला ओळखू लागले. त्यांच्यात एक सातारकडचे गृहस्थ होते. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तो चिमटा ते सारखा टकटक वाजवत. आपाला ते ‘ताई’ म्हणत आणि बायकांच्या बाजूला जागा करून देत. कोणी मुद्दाम खेटून उभा राहिला तर “पुढे सरका, गाडी काय तुमच्या एकट्यासाठी आहे?” असे खड्या आवाजात सुनावत. आपा खिडकीशी बसून इतिहासाचे पुस्तक वाची आणि मी गाडीच्या पुढच्या काचेतून तारांकडे बघत बसे.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला. दुपारपासून धो धो पाऊस, त्यात भरतीची वेळ. सखल भागात गुडघाभर पाणी साचले. सारी वाहतूक थांबली, तशी आमची गाडीही वाटेत थांबली. पाऊस काही उघडेना. मगरिबची बांग आम्ही गाडीत बसूनच ऐकली. आपाचा चेहरा उतरला. ती मला हळूच म्हणाली, “आता उद्यापासून शाळा नाही.” ते सातारकर कंडक्टर जवळ आले आणि कुठे राहता, घरी कोण आहे, हे त्यांनी विचारले. मग त्यांनी गाडीतल्याच माझगावला जाणाऱ्या दोन बायकांना आमच्या सोबतीला दिले. एक ख्रिस्ती नर्स होती आणि दुसरी भाजी विकणारी मावशी. पाणी ओसरू लागल्यावर त्या दोघींनी आम्हाला मध्ये घेऊन चालत चालत घरापर्यंत आणून सोडले. भाजीवालीने तर दादींशी बोलून, चहा पिऊनच पाय उचलला.

त्या गेल्यावर घरात कोणी बोलेना. आपा ओल्या कपड्यांनी कोपऱ्यात उभी होती. आता निकाल लागणार, असे सगळ्यांनाच वाटत होते. दादींनी तसबी बाजूला ठेवली आणि विचारले, “त्या गाडीवाल्याने बायांना बरोबर दिले?” आपा म्हणाली, “हो.” दादी म्हणाल्या, “मग उद्या छत्री घेऊन जा.” बस्स, एवढेच.

मी पुढे पुष्कळ वेळा या प्रसंगाचा विचार केला आहे. पहिल्या दिवशी दादींचा विश्वास तारेवर होता. त्या रात्री तार उपयोगी पडली नाही, तरी विश्वास तुटला नाही, कारण तोपर्यंत तो माणसांवर बसला होता. कंडक्टरवर, नर्सवर, भाजीवालीवर आणि सर्वांत अधिक म्हणजे स्वतःच्या नातीवर. तार हे निमित्त होते. दादींना भरवसा ठेवायला एक पहिले कारण हवे होते, ते त्या गाडीने दिले.

आपा १९६८ साली अकरावीची एस. एस. सी. परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्यामागोमाग चाळीतल्या चार मुली त्याच गाडीने शाळेला जाऊ लागल्या होत्या. पुढे माझी सोबत लागेनाशी झाली, कारण त्या पाच जणी एकमेकींना सोबत होत्या. मार्च १९७१ मध्ये ट्रॉलीबस बंद झाली तेव्हा आपा कॉलेजात होती. तारांवर चालणाऱ्या गाडीच्या काही मर्यादा असतात. एक गाडी बंद पडली तर मागची त्याच तारांवरून तिच्या पुढे जाऊ शकत नाही, रस्ता बदलायचा तर खांब आणि ताराही बदलाव्या लागतात, आणि एकाच मार्गासाठी हा सारा संसार सांभाळणे महागात पडते. गाडी बंद झाल्याचे मला वाईट वाटले. आपा मात्र दुसऱ्या दिवशी साध्या बसने कॉलेजला गेली. दादींनी विचारलेसुद्धा नाही की या गाडीला रूळ आहेत की तारा. आपा पुढे शिक्षिका झाली आणि तिने मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिकवले. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींची गणती मला करता येणार नाही.

मित्रहो, ही आमच्या एका घराची गोष्ट झाली. पण ती एका घरापुरती नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. मुसलमान आईबापांना आधुनिक शिक्षणाचे वावडे आहे ही समजूत त्या अहवालाने खोडून काढली. परवडणारी, चांगली शाळा आवाक्यात नसणे, आणि प्राथमिक शाळेनंतर मुलींसाठी ही अडचण अधिक तीव्र होणे, याकडे त्याने लक्ष वेधले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे त्याच्या नियमांत ठरले. चांगली गोष्ट आहे. पण तो कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत हात धरतो. नेमका तिथेच शाळेचा रस्ता लांब होतो आणि तिथेच मुलगी घरी बसते.

रस्ता जवळ आणला तर काय होते, हेही तपासून पाहिले गेले आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. त्या वयाच्या मुलींचे हायस्कुलातले प्रमाण जवळजवळ एकतृतीयांशाने वाढले, आणि ही वाढ मुख्यतः ज्या गावांपासून हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब होते तिथे झाली. शाळा तीच, मास्तर तेच, पुस्तके तीच, फक्त जायला वाहन मिळाले. शिवाय मुली घोळक्याने सायकलवरून जाऊ लागल्या, तेव्हा रस्ताही त्यांना सुरक्षित झाला.

आपल्या महाराष्ट्रातही सोयी नाहीत असे नाही. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी. चा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. मुंबईत विजेवरच्या बसगाड्या पुन्हा आल्या आहेत. त्यांना डोक्यावर तारा नाहीत, वीज बॅटरीत साठवलेली असते. झुरिक, सान फ्रान्सिस्को अशा शहरांत ट्रॉलीबसही टिकून आहे. वाहन कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न हा की, आपल्या शाळेत येऊ शकणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलीच्या आजीला भरवसा ठेवायला पहिले कारण कोण देणार?

म्हणून या व्यासपीठावरून मी संस्थेपुढे काही साध्या सूचना ठेवतो. त्यांना फार पैसा लागणार नाही.

पहिली सूचना अशी की, आसपासच्या प्राथमिक शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलींची यादी दर वर्षी एप्रिलमध्ये करावी आणि जून-जुलैत त्यांतल्या किती जणींनी पुढे नाव घातले ते पाहावे. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी शिक्षिकांनी जावे. तिथे शिक्षणाचे महत्त्व या विषयावर भाषण करू नये. फक्त विचारावे, “अडचण रस्त्याची आहे का?”

दुसरी सूचना अशी की, प्रवेशाच्या दिवशी फीच्या टेबलाशेजारी एक टेबल पासाचे असावे. अर्ज, छायाचित्र, शाळेचा शिक्का, सारे तिथेच व्हावे. पासाचा अर्ज भरता आला नाही म्हणून वर्ष गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

तिसरी सूचना अशी की, शाळा सुटण्याची घंटा आणि बस येण्याची वेळ यांचा मेळ घालावा. बस पाच वाजता जात असेल तर शाळा पाच वाजून पाच मिनिटांनी सोडण्यात काय हशील? आपली घंटा आपल्या हातात आहे.

चौथी सूचना अशी की, एका वस्तीतल्या मुलींची टोळी करून द्यावी. मोठ्या वर्गातली एक, लहान वर्गातल्या चार. कंडक्टरशी, रिक्षावाल्याशी, वाटेतल्या दुकानदाराशी मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन ओळख करून घ्यावी.

आणि शेवटची सूचना. नवीन मुलीच्या घरातले जे सर्वांत वडीलधारे आणि सर्वांत साशंक माणूस असेल, त्याला वर्षारंभी एकदा त्याच वाहनात बसवून शाळेपर्यंत आणावे, चहा पाजावा आणि परत सोडावे. माझ्या वडिलांनी एका रविवारी जे केले त्याहून चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही.

विद्यार्थिनींना एवढेच सांगतो की, तुम्ही रोज जी बस पकडता, ती पकडण्याची परवानगी कोणीतरी एकदा धीर करून दिलेली आहे. तिचे चीज करा. पालकांना सांगतो की, मुलगी बाहेर पडते तेव्हा निम्मेच काम झालेले असते. ती सुखरूप घरी परतते तेव्हा ते पुरे होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला पाठवायचे बळ त्यातूनच येते. वीज असो की विद्या, जायला वाट आणि परतायला वाट अशा दोन्ही लागतात. शाळेची इमारत बांधून आपण एक वाट तयार केली आहे. दुसरी अजून पुष्कळ ठिकाणी बांधायची आहे. ते काम या संस्थेने हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे, आणि त्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त माणसाचा जो वेळ उपयोगी पडेल तो मी आनंदाने देईन.

अल्लाह आपल्या सर्वांच्या प्रयत्नांना यश देवो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.